लाईनवर निघालेल्या नव्या ड्रायव्हरांसाठी

गळीत संपले, गव्हाणीत शेवटची मोळी पडली, की चार दिवसांत गाडीतळ ओस पडतो. ट्रॅक्टर नांगरटीला लागतात, तोडणीवाल्यांच्या बैलगाड्या आपापल्या गावी परततात आणि ट्रकवाल्यापुढे प्रश्न उभा राहतो, की पुढच्या मोळीपूजनापर्यंत बँकेचा हप्ता भरायचा कशातून? मग गाडी लाईनवर जाते. आज इंदूर, परवा जयपूर, पुढच्या पंधरवड्यात कोलकाता. तिच्याबरोबर जातो तो बहुधा हंगामात उसाची गाडी मारून हात बसलेला विशी-पंचविशीतला पोरगा. सभासद बंधू-भगिनींच्या घरातली अशी मुले दर वर्षी पहिल्यांदाच मुलूख सोडून बाहेर पडतात. हा मजकूर त्यांच्यासाठी आहे. वडीलधाऱ्यांनीही तो वाचावा अशी आमची विनंती आहे, कारण यातल्या निम्म्या गोष्टी पोराच्या नव्हे, गाडीमालकाच्या हातात असतात. आणि पुष्कळ वेळा बाप किंवा चुलताच मालक असतो.

ऊस वाहिला म्हणजे लाईन जमली, असे समजू नये. हंगामातली ये-जा म्हणजे फड ते काटा आणि काटा ते फड. रस्ता ओळखीचा, पोलीस पाटील ओळखीचा. टायर बसला तर हाकेच्या अंतरावर कोणीतरी पाव्हणा जॅक घेऊन येतो. रात्री कितीही उशीर झाला तरी भाकरी घरची. लाईनवर यातले काहीच नसते. ड्रायव्हिंग तेच, पण गाडीखेरीज बाकी सगळे परके. म्हणून पहिले वर्षभर एखाद्या जुन्या ड्रायव्हरच्या हाताखाली सेकंड ड्रायव्हर म्हणून काढावे, असे आमचे मत आहे. यात कमीपणा नाही. आजचे नावाजलेले उस्तादही कधीकाळी क्लीनरच होते.

लायसन्सचे आधी बघावे. ट्रान्स्पोर्ट वाहन चालवायला वय किमान २० लागते. पिकअप किंवा लहान टेम्पोच्या लायसन्सवर ट्रक चालत नाही. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवायला मुभा दिली, पण दहा चाकी ट्रक त्याच्या कितीतरी पुढे आहे. ‘बघू, कोण विचारतंय’ असे म्हणून पाठवलेल्या पोराच्या हातून अपघात झाला, तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच विचारते.

आता लाईनवरचा दिवस कसा जातो ते सांगतो. नव्या पोराला वाटते, सारखी गाडी पळवायची. प्रत्यक्षात पळण्यापेक्षा थांबणेच जास्त. भरायला रांग, काट्याला रांग, बिल्टी व्हायला वेळ, ताडपत्री-दोर बांधण्यात तास-दोन तास. पोचल्यावर बाजार बंद, हमाल नाहीत, व्यापाऱ्याचे गोदाम भरलेले. साखरेच्या गोदामापुढची रांग ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. माल उतरला की परतीच्या भाड्यासाठी ट्रान्स्पोर्ट ऑफिसच्या दारात पुन्हा बैठक. तिथे दोन दोन दिवस जातात. पगार महिन्याचा असेल तर एक वेळ ठीक, पण बरीच मुले खेपेवर जातात आणि खेप लांबली की त्यांचा रोज घटत जातो. म्हणून निघण्यापूर्वीच मालकाशी तीन गोष्टी बोलून घ्याव्यात: जेवणाचा भत्ता थांबलेल्या दिवसांचाही मिळणार का, हॉल्टिंगचे पैसे आले तर त्यात ड्रायव्हरला काही मिळणार का, आणि हमाली-वराई, टायर पंक्चर कोणाच्या खिशातून. घरचाच मालक असला की हे बोलायला संकोच वाटतो आणि पुढे दिवाळीत भाऊबंदकी होते. आमच्या मते घरच्या मालकाशी तर हे आधी बोलावे.

थांबण्यात गेलेला हा वेळ भरून काढायचा कशातून? झोपेतून. लाईनवरची खरी गोम इथे आहे. दोन दिवस रांगेत काढून गाडी संध्याकाळी भरली जाते आणि फोन येतो, ‘परवा सकाळी माल उतरलाच पाहिजे.’ पोरगा नवा, नाही म्हणवत नाही. तो रात्रभर गाडी ओढतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरला दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती घालून दिली होती. तो कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेत विलीन झाला, आठ तासांचा दिवस तिथेही आहे. पण कागदावरचे आठ तास केबिनमध्ये बसायला येत नाहीत. तिथे मालक आणि ड्रायव्हर दोघेच.

रात्री दोन ते पहाटे पाच हा काळ वाईट. डोळे उघडे असतात आणि माणूस झोपलेला असतो. मागचे दोन किलोमीटर कसे आले हे आठवेनासे झाले, गाडी पांढऱ्या पट्टीवर जाऊ लागली, की चहा, तंबाखू, तोंडावर पाणी यांचा उपयोग नसतो. वीस मिनिटांची का होईना, झोपच घ्यावी लागते. माळवा-राजस्थानच्या लाईनवर झोप उडवायला म्हणून कोणी डोडा देईल, कोणी गोळी देईल. डोडा म्हणजे अफूच्या बोंडांचा चुरा. तो जवळ सापडला तर गुन्हा अमली पदार्थांच्या कायद्याखाली होतो आणि जामीन मिळणे मुश्कील होते. अंगाला सवय लागते ती वेगळीच. पोराला ‘डोळा लागतोय, थांबतो’ असे फोनवर सांगता आले पाहिजे, आणि पलीकडून ‘थांब’ असे उत्तर आले पाहिजे. भाडे दोन तास उशिरा पोचल्याने कोणाचे घर बुडत नाही.

थांबायचे तेही जागा बघून. चार गाड्या उभ्या आहेत, दिवे आहेत, अशा ढाब्यावर थांबावे. जेवण घेतले की खाट बहुतेक ठिकाणी फुकट मिळते. आडरानात एकटी गाडी उभी केली तर सकाळी डिझेलची टाकी आणि बॅटरी जागेवर असेलच असे नाही. आणि गाडी हायवेच्या कडेला अर्धी डांबरावर कधीही उभी करू नये. उसाच्या ट्रॉल्यांना आणि बैलगाड्यांना लाल रिफ्लेक्टर लावा म्हणून कारखाने दर हंगामात का ओरडतात, ते आपल्या भागात ज्याने अपघात पाहिला आहे त्याला ठाऊक आहे. ट्रकचेही तसेच. मागची पट्टी चिखलाने झाकली असेल तर ती पुसायला फडके लागते, दुसरे काही नाही.

उताराविषयी आम्ही जरा सविस्तर लिहिणार आहोत, कारण या बाबतीत आपल्याकडे एक खुळी समजूत आहे. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची, म्हणजे डिझेल वाचते. साताऱ्याकडून पुण्यात शिरताना कात्रजचा नवा बोगदा सुटला की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. तिथे २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड गाडीने पुढच्या अनेक गाड्या चिरडत नेल्या. १३ नोव्हेंबर २०२५ ला त्याच उतारावर पुन्हा भीषण अपघात होऊन आठ माणसे गेली. ‘गाडी न्यूट्रल करू नका’ असे त्या रस्त्यावर सतत बजावले जाते, तरी नवा गडी करतोच, कारण कोण्या जुन्याने त्याला तसे शिकवलेले असते.

ही बचत खोटी आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की आजच्या इंजिनाला डिझेल जवळजवळ जातच नाही. चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहते. म्हणजे वाचवायला गेले आणि जाळून बसले! त्यापेक्षा मोठी गोष्ट ब्रेकची. गिअरमध्ये असलेले इंजिन गाडीला मागे ओढून धरते. ते सोडून दिले की वीस-पंचवीस टनांचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. ड्रम तापतात, लायनरची पकड जाते, आणि पेडल पुन्हा पुन्हा मारल्याने टाकीतली हवा उतरते. त्यात इंजिनही बंद केले असेल तर हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो आणि स्टेअरिंग दगडासारखे होते. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावा, ही जुनी शिकवण आहे आणि ती आजही खरी आहे. गिअर उतार सुरू होण्याच्या आधी टाकावा. निम्म्या उतारावर वेगात गिअर पडत नाही. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर तो वापरावा. खंबाटकी, कसारा, शिरपूरच्या पुढे सेंधव्याकडे जाताना लागणारा बिजासनचा घाट, सगळीकडे हेच. घाटाच्या तोंडाशी पाच मिनिटे थांबून हवेचा काटा बघावा, टायरांना हात लावून बघावा.

जादा भराईचा संबंध याच्याशीच येतो. दहा चाकी गाडीचे मालासकट वजन पूर्वी २५ टनांपर्यंत चालत असे, जुलै २०१८ मध्ये ते साडेअठ्ठावीस टन झाले. वाढवून दिल्यावर तरी माणसाने थांबावे की नाही? मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत जादा वजनाला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार असा दंड आहे. दंड मालक भरील, पण घाटात स्टेअरिंगवर बसलेला मालक नसतो.

कागदपत्रांत ई-वे बिलाची मुदत ड्रायव्हरने स्वतः वाचावी. २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस असा हिशेब आहे. गाडी बिघडली तर मुदत संपण्याच्या आधी आठ तास किंवा नंतरच्या आठ तासांत ट्रान्स्पोर्टवाल्याकडून ती वाढवून घेता येते. पोरे गप्प बसतात आणि नाक्यावर अडकतात.

अपघात झालाच तर काय? जमाव मारील या भीतीने ड्रायव्हर पळतो. भीती खोटी नाही आणि कायद्यालाही ती ठाऊक आहे. जखमीला दवाखान्यात पोचवण्याची जबाबदारी ड्रायव्हरवर टाकणाऱ्या कलम १३४ मध्येच जमावाच्या क्षोभाचा अपवाद लिहिलेला आहे. पण जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत, कळवलेच पाहिजे. न कळवता पळणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेचे कलम नव्या न्याय संहितेत आले, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये देशभर ड्रायव्हरांनी चक्का जाम केला. १ जुलै २०२४ ला संहिता लागू करताना ते पोटकलम बाजूला ठेवले गेले. तरी पळून सुटका होते असे कोणी समजू नये. टोलवरचे कॅमेरे, फास्टॅगची नोंद, सगळे मागे राहते.

अंगाचे हाल होतात ते वेगळेच. मे महिन्यात केबिनमध्ये इंजिनाची धग खालून आणि उन्हाची वरून. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, पण नव्या पोराच्या हाती नवी गाडी देतो कोण? कंबर धरते, पोट बिघडते, पाणी कमी पिऊन लघवीचे त्रास होतात. रस्त्यावरच्या संगतीतून होणाऱ्या रोगांविषयी आम्ही आडपडदा ठेवत नाही. एचआयव्हीने आपल्या भागातली घरे बसवली आहेत. निरोध वापरावा, आणि सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट व गुप्त होते.

घरी राहणाऱ्यांनी गाडीचा नंबर, ट्रान्स्पोर्ट ऑफिसचा फोन आणि कुठून कुठे भाडे आहे, एवढे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावे. गाडी चालू असताना फोन करू नये. ठरलेल्या वेळी त्यानेच करावा. बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा अर्ज भरून द्यावा. वर्षाला २० रुपये खात्यातून कापले जातात आणि अपघाती मृत्यूला २ लाखांचे संरक्षण मिळते. खात्यात तेवढे पैसे शिल्लक आहेत ना, हे मे महिनाअखेर बघावे. बरोबर द्यायला पाण्याचा मोठा कॅन, शेंगदाण्याची चटणी, चांगला टॉर्च, दोन जाड चादरी. केबिनमध्ये गॅसची शेगडी पेटवून स्वयंपाक करू नये. स्वयंपाक खाली उतरून, गाडीच्या आडोशाला करावा.