राखेतील ल्युपिन

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सेंट हेलेन्स नावाचा ज्वालामुखी पर्वत आहे. १८ मे १९८० रोजी त्याची उत्तर बाजू ढासळली व प्रचंड स्फोट झाला. त्या बाजूचे अरण्य तप्त राखेखाली आणि सच्छिद्र दगडांखाली गाडले गेले. १९८२ साली त्या उजाड मैदानात शास्त्रज्ञांना एकच रोपटे आढळले. ते रानटी ल्युपिनचे होते!

ही वनस्पती हरभरा, तूर यांच्याच कुळातील. उंची जेमतेम वीतभर, पानांवर रुपेरी लव, फुले निळीजांभळी. त्याच पर्वताच्या उंच, उघड्या उतारांवर ती पूर्वीपासून वाढत असे. ताज्या राखेत नत्र जवळजवळ नसते, म्हणून इतर वनस्पती तेथे नीट पोसत नाहीत. ल्युपिनच्या मुळांवरील गाठींत मात्र सूक्ष्म जंतू राहतात. ते हवेतील नत्र रोपाला पुरवितात. रोप त्यांना साखर देते. व्यवहार उभयतांच्या सोयीचाच! रोप मेले म्हणजे ते नत्र मातीत मिसळते. शिवाय वाऱ्याने आलेली धूळ व बिया त्याच्या पानोळ्यात अडकतात.

तथापि हा प्रसार निर्वेध झाला नाही. अळ्यांनी कडेच्या विरळ रोपांचा फडशा पाडला आणि ल्युपिनची आगेकूच कित्येक वर्षे रेंगाळली. मधल्या दाट ताटव्यांना मात्र त्यांचा उपद्रव पुष्कळच कमी झाला.