नेट नेमकं कधी जातं?

कोथरूडला आईची डॉक्टरांशी व्हिडिओवरची भेट दोनदा मध्येच तुटली. कंपनीचं ठरलेलं उत्तर : ‘इथून सगळं ठीक दिसतंय.’ मग कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या चौकटीत ‘पिंग’ चालू केलं. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत माइक मूस यांनी १९८३मध्ये लिहिलेला हा छोटा प्रोग्रॅम पाणबुडीच्या सोनारसारखी हाक देतो आणि उत्तराला किती मिलिसेकंद लागले ते मोजतो. एक हाक घरच्या राउटरला, दुसरी बाहेरच्या सर्व्हरला. दोन्हींची नोंद वेळेसह फाइलमध्ये. दोन्ही गप्प असतील, तर गडबड बहुधा घरातच. राउटर बोलतो आणि बाहेरचा गप्प, तर पुढच्या लाइनमध्ये. आमचा राउटर चार दिवसांत एकदाही चुकला नाही. बाहेरची लाइन मात्र रोज भर दुपारी जायची, नेमकी डॉक्टरांच्या वेळेला! फाइल पाठवली. दुसऱ्या दिवशी माणूस आला आणि गच्चीवरच्या तापलेल्या पेटीतला जोड बदलून गेला.