धार लावणारे हात, जवारी लावणारे कान

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत रमजानमध्ये दिवस लवकर सुरू होतो. सहरी झाली, फज्रची नमाज आटोपली की काही कारागीर पुन्हा अंथरुणाकडे न वळता थेट कारखान्यात येऊन बसतात. कारखाना हा शब्द सवयीचा. प्रत्यक्षात ती बहुधा घराच्या पुढच्या अंगाची एखादी खोली असते. वर टांगलेले भोपळे, भिंतीशी उभ्या केलेल्या दांड्या, कोपऱ्यात लाकडाचा भुसा आणि हवेत लाख-स्पिरिटचा वास. रस्त्यावर रिक्षा-दुचाकींचा गलका सुरू होण्यापूर्वीची ही शांत वेळ एका कामासाठी फार मोलाची असते. ते काम म्हणजे जवारी.

तंबोऱ्याच्या चार तारा तबलीवरच्या घोडीवरून जातात. घोडीचा माथा डोळ्यांना सपाट दिसतो, पण त्याला अगदी अलगद उतार दिलेला असतो. तार छेडली की ती त्या उतारावर टेकत, सुटत थरथरते आणि एका स्वराच्या पोटातून अनेक सूक्ष्म स्वर वर येतात. तंबोऱ्याचा तो भरलेला, गुंजत राहणारा नाद इथून येतो. कारागीर हा उतार कानशीने घासतो, तार चढवतो, ऐकतो, तार उतरवतो, पुन्हा घासतो. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा सरकवत नाद खुलण्याची नेमकी जागा शोधतो. घासणे थोडे जास्त झाले, तर सगळे पहिल्यापासून करावे लागते. या कामाचे माप कोणत्याही वहीत लिहिलेले नाही. ते कानात असते, आणि वडिलांच्या किंवा चुलत्यांच्या शेजारी वर्षानुवर्षे बसूनच ते दुसऱ्या कानात उतरते.

या कारागिरांचे पूर्वज वाद्ये करणारे नव्हते. ते शिकलगार. तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावणे, पाणी देणे हा त्यांचा धंदा. इंग्रजी अंमलात लढायांचे दिवस सरले आणि हत्यारांची मागणी आटली. मिरजेला तेव्हा पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता, दरबारात गवयांची ये-जा होती. त्यांची नादुरुस्त झालेली वाद्ये हाताचे कसब असलेल्या शिकलगारांकडे येऊ लागली, असे सांगितले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांनी दुरुस्तीवर न थांबता नवी वाद्ये घडवायला घेतली. पुढे आडनावच सतारमेकर झाले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुसकर शिकले ते याच गावात. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ इथेच स्थायिक झाले. 1937 मध्ये त्यांचे निधन झाले आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना विसावा मिळाला. त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात दरवर्षी संगीतसभा होते. गवई आणि वाद्य घडवणारा एकाच गावात राहिल्यामुळे तक्रार लगेच कळत होती आणि दुरुस्तीही लगेच होत होती. मिरजेच्या वाद्यांचा लौकिक त्या रोजच्या देवाणघेवाणीतून वाढला.

संगीताविषयी मुस्लिम समाजात जुने मतभेद आहेत, हे लपवण्याचे कारण नाही. रमजानमध्ये तर अनेक घरांत गाणे-वाजवणे बंद असते. मग रोजा ठेवून वाद्य घडवणाऱ्याने काय समजायचे? या प्रश्नापाशी हजरत दाऊद यांची आठवण होते. ज्यू आणि ख्रिस्ती परंपरा त्यांना डेव्हिड म्हणून ओळखते. कुरआनात त्यांच्याविषयी येते, की त्यांच्या हातात लोखंड मऊ केले गेले आणि ते चिलखते घडवीत. त्यांच्यासोबत डोंगर आणि पाखरेही अल्लाहचे स्तवन करीत. ते स्वतःच्या हातच्या कमाईवर जगत, असे हदीस सांगते. त्यांच्या आवाजाची कीर्ती अशी, की उर्दूत सुरेल गळ्याला आजही ‘लहन-ए-दाऊदी’ म्हणतात. हत्यारांचे लोखंड आणि गोड सूर एकाच माणसाच्या वाट्याला आल्याची ही स्मृती शिकलगारांच्या वंशजांना परकी वाटू नये. मतभेद आपल्या जागी राहतात. घामाची, हलाल रोजी मात्र सर्वांनाच मान्य असते, आणि रमजान तिची आठवण अधिक ठळक करतो.

ही रोजी सोपी नाही. तंबोऱ्याचा भोपळा भाजीचा नव्हे. तो कडू, जाड सालीचा. सोलापूर जिल्ह्यात भीमेच्या काठी, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागात तो पिकतो. विठ्ठलाच्या मुलखातली ही वेल मिरजेच्या मोहल्ल्यात येऊन बोलू लागते. फळ पूर्ण पिकून वाळेपर्यंत शेत गुंतून राहते. नदीला पूर आला की पीक हातचे जाते. कारागीर वाळलेला भोपळा भिजवून कापतो, आतला गर-बिया काढतो, आतून काठ्यांचा आधार देऊन आकार देतो आणि पुन्हा वाळवतो. दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची. पूर्वी घोडीला हस्तिदंत किंवा सांबरशिंग लागे. वन्यजीव कायद्याने ते थांबले, तसे उंटाचे हाड आणि कृत्रिम साहित्य आले. साहित्य बदलले की कानालाही नव्याने शिकावे लागते, कारण प्रत्येक पदार्थावर तार निराळी बोलते.

दुसरीकडे गिऱ्हाईक बदलले. खोक्यातला इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, नंतर तो मोबाइलमध्ये गेला. प्रवासाला सोयीचा, जुळवायची कटकट नाही. विद्यार्थ्याने तो वापरला म्हणून त्याला दोष देता येत नाही. पण स्वर जुळवण्याची ती ‘कटकट’ हाच गाण्याचा पहिला धडा होता. खोक्यावर शिकणाऱ्याला जवारी बसली आहे की उतरली आहे हे ओळखायची वेळच येत नाही. ऐकणारे कमी झाले की घडवणाऱ्याच्या कष्टाची किंमतही कमी होते. कारागिराच्या मुलाने महिन्याच्या पगाराची नोकरी धरली, तर बापाला वाईट वाटते, पण अडवायला तोंड राहत नाही.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. गावाचे नाव लावून दुसरीकडची वाद्ये विकणाऱ्यांना त्यामुळे आळा घालता येईल. ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र मानांकन नावाचे रक्षण करते, कानाचे नाही. त्यासाठी शिकाऊ मुलाला शिकण्याच्या वर्षांत घर चालेल एवढे मिळायला हवे. संगीत शिकवणाऱ्या शाळा-महाविद्यालयांत निदान एक खरा तंबोरा असायला हवा. आणि मैफलीत गायक, साथीदारांची नावे पुकारली जातात, तिथे तंबोरा कोणी घडवला हेही एका वाक्यात सांगायला हरकत नाही.

तारेच्या सततच्या घर्षणाने घोडीवर बारीक चरे पडतात आणि जवारी काही काळाने उतरते. देवळात कीर्तनाला लागणारा असो की शहरातल्या सभागृहात वाजणारा, तंबोरा तेव्हा जाणत्या कारागिराकडे न्यावाच लागतो. सतारमेकर गल्लीत आज तो उतरवून घेणारे हात आहेत. आणखी वीस वर्षांनी तिथे कोण बसलेले असेल, हे आजचा शिकाऊ मुलगा त्या खोलीत टिकतो की नाही, यावर ठरणार आहे.