अंधारातली गोत्रं

पत्रिकेतला मंगळ शांत व्हावा म्हणून पोवळ्याची अंगठी घालायला सांगण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. नवरत्नांपैकी सात खनिजं आहेत. जिवंत प्राण्याच्या अंगातून निघालेली रत्नं दोनच, मोती आणि पोवळं. सतराव्या-अठराव्या शतकांत भूमध्य समुद्रातलं तांबडं पोवळं इटलीच्या लिव्होर्नो बंदरातून गोव्याला येई आणि त्याच्या बदल्यात इथले हिरे तिकडे जात. इतक्या जुन्या ओळखीच्या या रत्नाबद्दल एक साधा प्रश्न मात्र कालपरवापर्यंत सुटत नव्हता : हातातला खडा नेमका कोणत्या प्रजातीचा? फांदी कापून, घासून, चकाकी आणून मणी केला की तिची मूळ ठेवण पुसली जाते आणि सराईत जवाहिऱ्यालाही खात्री देता येत नाही. हा नुसता चौकसपणाचा प्रश्न नाही. वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइट्स' करारात २००८ साली चीनने पॅसिफिक महासागरातल्या पोवळ्याच्या चार प्रजाती नोंदवल्या. भूमध्य समुद्रातली प्रजाती त्या यादीत नाही. म्हणजे दोन सारखे दिसणारे मणी, पण एकाला कागदपत्रं हवीत आणि दुसऱ्याला नकोत. २०२० साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की दागिन्यातल्या पोवळ्याची काही मिलिग्रॅम भुकटी काढली तरी तिच्यातला डीएनए वाचता येतो आणि प्रजाती सांगता येते. मण्याची झालेली हानी डोळ्यांना जाणवतही नाही.

व्यापाऱ्याच्या पेटीतल्या मण्याला जे लागू आहे, ते समुद्राच्या तळाशी जिवंत असलेल्या प्रवाळालाही लागू आहे, आणि तिथे त्याचं मोल कितीतरी जास्त आहे. खोल समुद्रातली जीवसृष्टी राखायची असेल, तर तिथे काय आहे एवढं कळून भागणार नाही. कोण कुणाचं आहे, कुठली वस्ती कुठल्या वस्तीच्या जिवावर उभी आहे, हे कळायला हवं. हे नातं डोळ्यांना दिसत नाही. ते दाखवण्याची ताकद आज जनुकीय पद्धतींतच आहे, आणि म्हणून त्यांच्यावरचा खर्च ही चैन मानू नये, असं मला ठामपणे वाटतं.

प्रवाळ म्हटलं की लक्षद्वीपचं निळं, उथळ, उन्हानं उजळलेलं पाणी डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात ज्ञात प्रवाळ प्रजातींपैकी निम्म्याहून अधिक पन्नास मीटरपेक्षा खोल पाण्यात सापडतात. पुरेसा उजेड नसल्यामुळे यांतल्या बहुतेकांच्या अंगात उथळ प्रवाळांसारखं शेवाळ नसतं. वरच्या पाण्यातून झिरपत येणारा अन्नाचा चुरा आणि प्रवाहाबरोबर वाहत येणारे बारीक जीव टिपून ते जगतात. म्हणून त्यांची वाढ अतिशय सावकाश होते. हवाईजवळच्या खोल पाण्यातल्या एका काळ्या प्रवाळाचं वय किरणोत्सारी कार्बनच्या आधारे मोजलं, तेव्हा ते सुमारे ४,२६५ वर्षं भरलं. सिंधूकाठची शहरं गजबजलेली होती, तेव्हा त्या प्रवाळानं तळाच्या खडकावर पाय रोवला होता. इतकं जुनं झाड जमिनीवर असतं तर त्याला पार बांधला असता. समुद्राखाली मात्र तळ खरवडत जाणारं मासेमारीचं जाळं असा वारसा एका फेरीत आडवा करतं.

मग त्यांची ओळख नुसत्या डोळ्यांनी का पटत नाही? प्रवाळाचं दिसणं फसवं असतं. पोवळं ज्या गटात मोडतं त्या अष्टभुज प्रवाळांचा एकेक जीव भाताच्या दाण्याएवढा किंवा त्याहून लहान, त्याच्या तोंडाभोवती पिसासारख्या कातरलेल्या आठ भुजा, आणि अंगात चुन्याच्या बारीक कणिका विखुरलेल्या. जुन्या पद्धतीत या कणिका सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यांच्या काट्याकंगोऱ्यांवरून प्रजाती ठरवतात. हे काम कौशल्याचं आहे, पण प्रवाहाचा जोर, खोली आणि अन्न यांप्रमाणे एकाच प्रजातीचा आकार बदलतो, आणि दूरच्या दोन प्रजाती सारख्याच दिसू लागतात. अटलांटिकच्या थंड, खोल पाण्यात मैलोन् मैल भित्ती उभारणाऱ्या पांढऱ्या प्रवाळाची गोष्ट बोलकी आहे. लिनियसनं १७५८ साली त्याचं वर्णन केलं आणि पुढे दीड शतकाहून अधिक काळ जग त्याला 'लोफेलिया' म्हणत आलं. डेस्मोफायलम नावाचं दुसरं प्रवाळ एकेकटं, पेल्यासारखं वाढतं. एक वाडा बांधणारं, दुसरं एकांतात राहणारं. यांचं कुळ एक असेल असं दिसण्यावरून कोण म्हणेल? पण २०१६ साली दोघांच्या डीएनएची तुलना झाली तेव्हा ती इतकी जवळची निघाली, की लोफेलिया हा वेगळा गटच मोडून ते प्रवाळ डेस्मोफायलममध्ये घालावं, असं संशोधकांनी सुचवलं. प्रजातींच्या वरची ही पातळी, जिला शास्त्रात जीनस म्हणतात, तीच अशी पुन्हा आखावी लागली.

ही तपासणी कशी होते ते पाहू. जहाजावरून सोडलेल्या दूरनियंत्रित यंत्राचा हात प्रवाळाच्या फांदीचं बोटभर टोक कापतो आणि थंड पाण्याच्या पेटीत ठेवतो. जहाजावर त्याचे तुकडे अल्कोहोलमध्ये जातात, आणि प्रयोगशाळेत त्यातून डीएनए वेगळा काढतात. प्राण्यांच्या ओळखीसाठी तंतुकणिकेतल्या एका ठरावीक जनुकाचा तुकडा जगभर वापरला जातो. २००३ साली कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी मांडलेला हा डीएनए बारकोड मासे, पाखरं, फुलपाखरं यांच्याबाबत उत्तम चालतो. प्रवाळांपाशी तो अडखळला. त्यांच्या तंतुकणिकेतला डीएनए इतर बहुतेक प्राण्यांच्या मानानं फार संथपणे बदलतो, त्यामुळे लाखो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या प्रजातींचा बारकोडही जवळपास एकच येतो. अष्टभुज प्रवाळांच्या तंतुकणिकेत तर एक जादाचं जनुक सापडलं. डीएनएची नक्कल होताना झालेल्या चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकांच्या घराण्यातलं हे जनुक आहे. तेच पुढे या गटाचा बारकोड म्हणून उपयोगी पडलं, तरी सगळ्या प्रजाती त्यानंही वेगळ्या होत नाहीत. म्हणून आता पेशीकेंद्रातल्या डीएनएच्या शेकडो-हजारो जागा एकदम वाचतात. या अभ्यासातून २०२२ साली अष्टभुज प्रवाळांचं संपूर्ण वर्गीकरणच नव्यानं मांडावं लागलं.

नावं बदलून समुद्राचं काय भलं होणार, असं कुणी विचारेल. उत्तर मेक्सिकोच्या आखातात आहे. २० एप्रिल २०१० रोजी तिथे डीपवॉटर होरायझन या तेलफलाटावर स्फोट झाला, अकरा कामगार दगावले आणि पुढे कित्येक आठवडे तळातून तेल उसळत राहिलं. त्याच वर्षाच्या अखेरीस विहिरीपासून सुमारे ११ किलोमीटरवर, १,३७० मीटर खोलीवर प्रवाळांची एक वस्ती दिसली. पंख्यासारख्या फांद्यांवर तपकिरी, लोकरीसारखी घाण साचलेली, आणि जिथे ती झडली तिथे मांस जाऊन उघडा पडलेला सांगाडा. त्या घाणीत त्याच विहिरीच्या तेलाचा माग लागला. नुकसान भरून काढायचं, तर आधी ते कुणाचं झालं हे सांगायला हवं. प्रवाळाच्या या कुळात दिसायला सारख्या प्रजाती अनेक. डीएनएनं ती 'पॅराम्युरिसिया बिस्काया' असल्याचं निश्चित केलं. मग खरा प्रश्न पुढे आला : ही वस्ती पुन्हा भरेल तर कुणाच्या अळ्यांनी? २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या प्रवाळाच्या निरनिराळ्या वस्त्यांचा डीएनए आणि समुद्रप्रवाहांचं संगणकी गणित एकत्र ठेवून कोणती जागा कोणत्या जागेला अळ्या पुरवते याचं जाळं उभं केलं गेलं. त्याआधी २०१५ साली याच आखातातल्या दुसऱ्या एका अष्टभुज प्रवाळाबाबत आढळलं होतं, की आडव्या अंतरापेक्षा खोलीतला फरक वस्त्यांना जास्त तोडतो. शंभर किलोमीटर दूरचा, पण त्याच खोलीवरचा प्रवाळ सख्खा, आणि उतारावर काहीशे मीटर वरचा परका! नकाशावर गोल आखून 'एवढा भाग राखीव' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं. शेजारी ठेवलेलं राखीव क्षेत्र वेगळ्या खोलीवर असेल, तर ते उद्ध्वस्त वस्तीच्या उपयोगी पडेलच असं नाही.

दुसरा दाखला स्कॉटलंडच्या वायव्येला सुमारे हजार मीटर खोलीवर असलेल्या डार्विन माउंड्सचा. १९९८ साली हे प्रवाळांचे उंचवटे सापडले, तेव्हाच त्यांच्यावर तळखरवड्या जाळ्यांचे चरे उमटलेले होते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात इथल्या लोफेलियामध्ये वैविध्य फार कमी आणि एकाच जिवाच्या तुटलेल्या तुकड्यांपासून वाढलेल्या नकलांचं प्रमाण मोठं असल्याचं दिसलं. छायाचित्रात ती प्रवाळांची दाट वस्ती वाटते. डीएनएच्या हिशेबात तिथे घरं अनेक असली, तरी कुटुंबं थोडी. अशा वस्तीला रोग किंवा तापमानाचा फटका बसला, तर झुंजायला लागणारी विविधता तिच्या गाठीशी नसते. या उंचवट्यांवर तळाची मासेमारी बंद करण्याचा निर्णय २००३-०४ मध्ये झाला आणि तो योग्यच होता. पण राखण्यासारखं काय उरलं आहे आणि ते किती नाजूक आहे, हे सांगितलं ते जनुकांनी.

यावर गंभीर आक्षेप आहेत, आणि त्यांना टाळून पुढे जाणं योग्य नाही. पहिला असा, की जनुकं इतिहास सांगतात, वर्तमान नव्हे. शेकडो वर्षं जगणाऱ्या प्रवाळात आज दिसणारं साम्य कित्येक पिढ्यांपूर्वीच्या देवाणघेवाणीचं असू शकतं. हे खरं आहे, आणि त्यातून या पुराव्याचा वापर कसा करावा याचा नियमही निघतो. दोन वस्त्यांचा डीएनए स्पष्टपणे वेगळा आला, तर त्या वेगळ्या आहेत यावर विसंबता येतं. प्रत्येक वस्ती स्वतंत्रपणे राखावी लागते. डीएनए सारखा आला, तर मात्र निश्चिंत होऊ नये, कारण पिढीला मोजक्या अळ्या पोचल्या तरी फरक पुसला जातो, आणि मोजक्या अळ्यांनी उद्ध्वस्त भित्ती पुन्हा उभी राहत नाही. म्हणजे संशयाचा फायदा नेहमी प्रवाळाला द्यावा. दुसरा आक्षेप, नमुना घेण्यासाठी प्रवाळ कापावं लागतं. बोटभर टोकाची तुलना जाळ्याच्या एका फेरीशी केली तर या आक्षेपात फार दम उरत नाही. शिवाय आता नुसतं पाणी गाळूनही पुष्कळ कळतं. प्राणी सतत श्लेष्म आणि पेशी टाकत असतात, त्यामुळे तळाजवळच्या काही लिटर पाण्यातूनही आसपासच्या जिवांचा डीएनए मिळतो.

पण इथेच तिसरा आणि सगळ्यांत रास्त आक्षेप उभा राहतो : पाण्यातल्या डीएनएला नाव कोण देणार? पोलिसाकडे बोटांचा ठसा असला, तरी नोंदवहीत जुळणारा ठसा नसेल तर गुन्हेगार सापडत नाही. पॅसिफिकमधल्या क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यात खनिजांच्या गोट्यांचा मोठा साठा आहे. तिथल्या प्राण्यांपैकी ८८ ते ९२ टक्के प्रजातींचं अजून शास्त्रीय वर्णनच झालेलं नाही, असा अंदाज २०२३ साली मांडला गेला. म्हणून जनुकीय यंत्रं आली की कणिकांचे कंगोरे ओळखणारा वर्गीकरणतज्ज्ञ नको, असं समजणं ही मोठी चूक ठरेल. डीएनएची प्रत्येक ओळ संग्रहालयातल्या बरणीतल्या एका खऱ्या नमुन्याला बांधलेली असेल आणि त्या नमुन्यावर जाणकाराचा हात फिरलेला असेल, तरच तिला अर्थ येतो.

राहिला खर्चाचा प्रश्न. उथळ पाण्यातले प्रवाळ तापमानवाढीनं पांढरे पडत असताना अंधाऱ्या तळाशी पैसा का ओतावा? कारण तळाशी आपण निघालोच आहोत. मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात खनिजगोट्यांचा शोध घेण्याचा करार भारताकडे आहे, आणि २०२१ साली केंद्र सरकारनं ४,०७७ कोटी रुपयांचं खोल समुद्र अभियान मंजूर केलं. खाणकामाचं यंत्र आणि जीवसृष्टीची नोंद ही दोन्ही कामं त्यात आहेत. यंत्र आधी आणि नोंद मागाहून, असा क्रम झाला तर नोंदीला अर्थ उरणार नाही. किनाऱ्यावरही या ज्ञानाची आजच गरज आहे. समुद्रपंखा आणि काळं प्रवाळ आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत; तरीही त्यांच्या वाळलेल्या फांद्या 'इंद्रजाल' नावानं, चौकटीत बसवून, दुर्मीळ मुळी म्हणून विकल्या जातात. ती मुळी नसून प्राणी आहे, आणि कायद्यानं राखलेला प्राणी आहे, हे न्यायालयात सिद्ध करायला डीएनएचा दाखला कामी येऊ शकतो. विजयदुर्गासमोरच्या समुद्रात कान्होजी आंग्र्यांच्या नावानं ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला उंचवटा आहे. तिथले प्रवाळ खोल समुद्रातले नाहीत, पण तो राखताना प्रश्न तोच विचारावा लागेल : तिथल्या वस्त्या स्वतःच्या अळ्यांवर तगल्या आहेत, की दूरच्या भित्तींच्या? उत्तर पहिलं असेल तर तेवढाच उंचवटा जिवापाड जपायला हवा. दुसरं असेल तर त्या दूरच्या भित्तींसह. हे उत्तर बोटभर फांदीतून मिळू शकतं, पण ती फांदी जिवंत असेपर्यंतच.