मुदतवाढीची पाटी

वाहनाच्या क्रमांकाची पाटी ही वरवर पाहता क्षुल्लक वस्तू. परंतु अशा क्षुल्लक बाबतीत सरकार आपला शब्द पाळते की नाही, यावरूनच नागरिक त्याच्या मोठ्या शब्दांची किंमत ठरवीत असतो. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपाटी बसविण्यासाठी महाराष्ट्र सरकारने ३१ मार्च २०२५ ही मुदत घातली. ती ३० एप्रिलवर गेली, तेथून ३० जून, मग १५ ऑगस्ट, ३० नोव्हेंबर आणि ३१ डिसेंबर. एका वर्षात पाच मुदतवाढी!

मूळ नियम योग्यच आहे, याविषयी आम्हांस शंका नाही. पाटीवर कोरलेला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक आणि एकदा बसविल्यावर मोडल्यावाचून न निघणारी खिट्टी यांमुळे चोरीची गाडी खोट्या क्रमांकाने फिरविणे अवघड होते. ‘४१४१’ हे आकडे वळवून त्यांतून ‘दादा’ वाचावयास लावणाऱ्या हौशी वीरांनाही आळा बसतो. हा नियम केंद्राने २००१ सालीच केला होता. राज्यांनी तो वर्षानुवर्षे बासनात ठेवला आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाला त्यांचे कान उपटावे लागले.

दोष आहे तो अंमलबजावणीचा. सबंध राज्याचे तीन विभाग पाडून प्रत्येक विभाग एकेका कंपनीकडे सोपविण्यात आला. दुचाकीस ४५० रुपये, मोटारीस ७४५ रुपये आणि वर कर, असा दर ठरला. दर ठरला, तारीख ठरली; पण लक्षावधी जुन्या वाहनांना पाट्या बसविण्याइतकी केंद्रे त्या तारखेपर्यंत उभी राहतील काय, याचा हिशेब आधी झाला नाही. तसा तो झाला असता, तर पाच वेळा माघार घेण्याची नामुष्की ओढवली नसती.

या माघारीत खरा फसला तो कायदा पाळणारा माणूस. पहिल्याच मुदतीत रजा काढून, पैसे भरून ज्याने पाटी बसविली, तो शेजाऱ्यांच्या दृष्टीने उतावळा ठरला आणि स्वस्थ बसून राहिला तो व्यवहारचतुर! हा धडा पाटीपुरता राहत नाही. कर, परवाना, बांधकाम अशा सर्व क्षेत्रांत तो गिरविला जातो.

सरकारने आधी साधने उभारावी, मग तारीख घालावी आणि घातलेली तारीख मोडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मोडता न येणारी खिट्टी वाहनाला बसविण्यापूर्वी ती सरकारी शब्दाला बसविणे अधिक अगत्याचे आहे.