अंगणापुढची मोरी

कोकणात पुष्कळ ठिकाणी रस्त्याच्या कडेने पावसाळी पाण्याचा चर जातो आणि त्याच्या पलीकडे घर असते. उन्हाळ्यात हा चर कोरडा ठणठणीत. मुले तो सहज उडी मारून ओलांडतात. परंतु गाडी अंगणात न्यावयाची असेल, तर चरावरून वाट हवी आणि त्या वाटेखालून पाण्यालाही वाट हवी. या दोन्ही गोष्टी ज्या बांधकामाने साधतात, त्यास मोरी म्हणतात. न्हाणीघरातील मोरीशी हिचे साम्य एवढेच, की दोन्ही ठिकाणी पाणी तुंबून चालत नाही!

मोरीचा नळ केवढा घ्यावा, हाच मुख्य प्रश्न होय. कित्येक लोक चरातील नेहमीची धार पाहून लहानसा नळ घालतात आणि त्यावर माती लोटतात. मग आषाढात एखाद्या रात्री मुसळधार पाऊस कोसळतो. नळात न मावणारे पाणी भरावाच्या मागे तटते आणि वरच्या अंगास ज्याचे घर असेल, त्याच्या अंगणात चढू लागते. पैसे वाचतात एकाचे आणि धान्य भिजते दुसऱ्याचे. म्हणून नळाचे माप अंदाजाने न घेता हिशेबाने ठरवावे.

हा हिशेब तुम्हांलाही करता येईल. समजा, चरात २ हेक्टर जमिनीवरील पाणी येते आणि तासाला ६० मिलिमीटर या वेगाने पाऊस पडत आहे. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे १ लिटर पाणी होते. २ हेक्टर म्हणजे २०,००० चौरस मीटर. तेव्हा तासाला १२,००,००० लिटर पाणी पडले. त्यातील निम्मे जमिनीत मुरले असे धरले, तरी सेकंदाला सुमारे १६७ लिटर पाणी चरात येणार. जमीन कातळाची असेल, तर याहूनही पुष्कळ अधिक.

आता नळ पाहू. दर १०० मीटरांस १ मीटर उतार असेल, तर ३० सेंटीमीटर व्यासाचा सिमेंटचा नळ भरून वाहतानाही सेकंदाला १०० लिटरांहून थोडे कमीच पाणी नेतो. तो येथे अपुरा पडेल. ४५ सेंटीमीटर व्यासाचा नळ मात्र सुमारे २८० लिटर नेतो. व्यास दीडपट, तोंडाचे क्षेत्रफळ सव्वादोनपट, पण पाणी जवळजवळ तिप्पट! असे का बरे व्हावे? वाहत्या पाण्यास नळाची भिंत अडविते. मोठ्या नळात भिंतीपासून दूर राहून वाहणारे पाणी अधिक असते. म्हणूनच दोन लहान नळांपेक्षा एक मोठा नळ बरा. त्यात झावळ्या आणि पालापाचोळाही कमी अडकतो.

रस्त्याकडेचा चर सार्वजनिक असतो. तेव्हा संबंधित खात्याची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी घेऊनच कामास हात घालावा. नळ चराच्या उतारास धरून, बारीक मुरमाच्या सारख्या थरावर बसवावा. खाली टोकदार दगड राहिला, तर भाराने नळ तडकतो. दोन्ही बाजूंची माती थोडीथोडी टाकून, पाणी शिंपडून धुमसाने ठोकावी. हे काम कंटाळवाणे खरे. परंतु मोऱ्या बहुधा येथेच फसतात. माती सैल राहिली, की पाणी नळाच्या आतून न जाता बाहेरून फट शोधते. प्रथम ओल, मग झिरपा, मग माती घेऊन जाणारी धार. आणि एके दिवशी नळ जागच्या जागी असूनही वरची वाट खचते. यासाठी नळाच्या दोन्ही तोंडांशी दगडी भिंत बांधतात. जेथे पाणी बाहेर पडते, तेथे चराच्या तळाशीही दगड बसवितात. नाहीतर धारेने खड्डा पडून भिंतीचा पायाच उघडा होतो.

एवढे करूनही कोणतीच मोरी वाटेल तेवढ्या पावसास पुरी पडत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा दिवसासाठी जाणता गवंडी वाट नळाच्या बरोबर वर किंचित खोलगट ठेवतो आणि तेथे फरसबंदी करतो. हा खोलगट भाग वरच्या शेजाऱ्याच्या अंगणाहून खालीच असला पाहिजे. मग नळात न मावलेले पाणी वाटेवरून ओसंडून पुन्हा चरातच उतरते.