आजाराचा कागद आणि समितीतली खुर्ची

सिकलसेलची तपासणी करायला आरोग्य कर्मचारी येतात, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतात आणि पुढे निकालाचे कार्ड हातात पडते. 1 जुलै 2023 पासून देशात सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. आदिवासी भागातल्या 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी हे तिचे लक्ष्य. आपल्याकडे किनवट-माहूरकडची मंडळी या मोहिमेत येतात. पण हा आजार फक्त आदिवासींचा नाही. विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजातही तो आढळतो, आणि नांदेडची सोयरीक यवतमाळ-नागपूरपर्यंत जाते.

तपासणीला नाही म्हणू नका, हे आधी सांगतो. वाहक म्हणजे रोगी नव्हे. वाहक माणूस साधारणपणे धडधाकट आयुष्य जगतो. मात्र नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलसेलग्रस्त जन्मण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणून लग्न ठरण्याआधी दोघांना ते ठाऊक असावे. अडचण आहे ती ‘दोघांना’ या शब्दाची. तोच निकाल चारचौघांत वाचून दाखवला, यादी भिंतीला लागली किंवा मोबाइलवर फिरली, की तो गल्लीचा होतो. मग मुलीचे स्थळ मोडते. मुलाचे कार्ड कोणी मागत नाही, मुलीचेच मागतात, हेही इथे बोलून ठेवू.

क्षयरोगाचेही असेच. रुग्णाची नोंद ‘निक्षय’ या सरकारी प्रणालीत होते. ती झाली नाही तर औषध आणि पोषणाचे पैसे कसे मिळणार? तेव्हा नोंद हवीच. पण धान्याची टोपली देताना रुग्णाला मध्ये उभे करून काढलेला आणि सगळीकडे पाठवलेला फोटो कोणत्या औषधात बसतो, ते आम्हाला कळलेले नाही. टोपली घेतली म्हणजे फोटोला परवानगी दिली, असे होत नाही.

आपल्या वस्त्यांचा प्रश्न आणखी एका कारणाने वेगळा आहे. कागदावर आडनाव असते, पत्त्यात वस्तीचे नाव असते, बऱ्याच अर्जांवर जातीचा रकाना असतो. आजार उघडा पडला की जातही उघडी पडते आणि दोन्हींचा त्रास एकदम होतो. भाड्याची खोली, धुण्याभांड्याचे काम, हॉटेलातली नोकरी यांपैकी काय हातून जाईल ते सांगता येत नाही.

हे सरकारदरबारी कोणी मान्य केले होते का? केले होते. ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याच सुमारास न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांची समिती माहिती-संरक्षणाचा कायदा सुचवण्यासाठी नेमली गेली होती. मुंबई दंगलीच्या चौकशी आयोगामुळे हे नाव आपल्याला परिचयाचे आहे. समितीने जुलै 2018 मध्ये अहवाल आणि मसुदा दिला. त्यात जादा संरक्षणाच्या ‘संवेदनशील’ माहितीची यादी होती. त्या यादीत आरोग्याची माहिती होती, आणि जात-जमातही होती. 2023 चा कायदा झाला तेव्हा मात्र संवेदनशील माहितीचा हा वेगळा वर्गच गळाला. आज त्या कायद्यापुढे आपला एचआयव्हीचा रिपोर्ट आणि आपला ई-मेल पत्ता एकाच पंक्तीत बसतात.

श्रीकृष्ण समितीत 10 जण होते. केंद्राचे सचिव आणि अधिकारी, आधारचे प्रमुख, तंत्रज्ञान आणि व्यवस्थापनाचे जाणकार, कायद्याचे अभ्यासक, उद्योगांच्या माहिती-सुरक्षा संस्थेच्या प्रमुख. डॉक्टर नव्हता, परिचारिका नव्हती, रुग्णांच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते. तरीही समितीने जातीचा विचार केला, याचे श्रेय तिला द्यायला हवे. पण यादी गळताना आतून ‘थांबा’ म्हणायला आपले कोणी नव्हते. 2023 च्या कायद्याने जे माहिती संरक्षण मंडळ ठरवले, त्याच्या सदस्यांपैकी किमान एक जण कायद्याचा जाणकार असावा असे कलमात स्पष्ट आहे. आरोग्याचा जाणकार असावा, असे कलमात नाही.

दुसरीकडे काय करता येते, ते पाहा. अमेरिकेने 2009 मध्ये आरोग्य नोंदी संगणकावर नेण्यासाठी सल्लागार समिती कायद्याने स्थापन केली. तिच्या काही जागांची वाटणी कायद्यातच लिहिली होती. तीन जागा रुग्ण आणि ग्राहकांच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या. एक आरोग्य कामगारांच्या संघटनेची. एक आरोग्य माहितीच्या गोपनीयतेच्या जाणकाराची. एक दुर्बल समूहांच्या आरोग्याचे काम केलेल्याची. या जागांसाठी लोकांकडून नावे मागवली जात. अमेरिकेत सगळे आलबेल आहे असे आम्ही म्हणत नाही. पण खुर्ची कायद्यात लिहिलेली असली की ती रिकामी ठेवायला लाज वाटते.

समितीचे महत्त्व आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही. बाबासाहेबांनी 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिली ती या जाणिवेने. पुढे मुंबईच्या कायदेमंडळात ते सरकारने नेमलेले सभासद होते, आणि त्या जागेवरून 1928 मध्ये त्यांनी स्त्री कामगारांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. नेमणूक सरकारची होती, आवाज गिरणीतल्या बाईचा होता. 25 नोव्हेंबर 1949 च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी भिक्खू संघाच्या सभाशास्त्राची आठवण करून दिली: ठराव मांडणे, गणसंख्या, मतमोजणी, सगळे तिथे होते. विनयात संघाच्या भांडारावर माणूस नेमायची रीत दिली आहे. नाव संघापुढे उघडपणे मांडायचे. माणूस असा हवा की जो छंद, द्वेष, मोह आणि भय यांच्या मागे जाणार नाही, आणि काय सांभाळले व काय नाही हे ज्याला कळते. रुग्णांच्या नोंदी हेही एक भांडारच आहे. दिल्लीच्या एम्स रुग्णालयाची संगणक यंत्रणा नोव्हेंबर 2022 मध्ये सायबर हल्ल्याने कोलमडली तेव्हा ते देशाने पाहिले.

आता नांदेड-लातूरचे बोलू. वैद्यकीय महाविद्यालयात माणसांवर संशोधन होते तेव्हा नैतिकता समितीची मंजुरी लागते. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आपल्या सगळ्यांच्या माहितीच्या. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अशा समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो, निम्मे सदस्य बाहेरचे लागतात. त्यांत कायद्याचा जाणकार, समाजशास्त्राचा जाणकार आणि एक सामान्य नागरिक असतो. हा नागरिक शिकलेला असावा, पण वैद्यकीय पेशातला नसावा, आणि त्याला इथली भाषा व लोकरीत कळावी, एवढीच अपेक्षा. म्हणजे निवृत्त शिक्षिका चालते, बचत गटाची हिशेबनीस चालते. रुग्णाचे नाव गुप्त कसे राहील, संमतीपत्र त्याला कळेल अशा मराठीत आहे का, हे विचारणे तिचे कामच आहे.

ही समिती फक्त संशोधनापुरती. रोजच्या केसपेपरचे, खिडकीवर आजार ओरडून विचारण्याचे, बाहेर लावलेल्या याद्यांचे काय? त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत रुग्ण कल्याण समिती असते, शहरी वस्तीत महिला आरोग्य समिती असते. एचआयव्हीच्या बाबतीत तर 2017 चा कायदा आहे, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू. न्यायालयाच्या आदेशाशिवाय निकाल सांगायची सक्ती कोणी करू शकत नाही, नोंदी सुरक्षित ठेवणे संस्थेवर बंधनकारक आहे, आणि 20 किंवा जास्त माणसे असलेल्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो. आपल्या रुग्णालयात तो कोण, हे विचारले तर नाव सांगावेच लागेल.

नाव कोणाचे सुचवायचे? आमच्या मते पदवीच्या आधी हात पाहावा. पंधरा वर्षे एचआयव्ही समुपदेशन केंद्रात बसून ज्या ताईने कोणाचे नाव ओठांवर आणले नाही, ती या विषयाची तज्ज्ञच आहे. तशी आशाताई, परिचारिका, सिकलसेलच्या मुलांना वाढवणारी आई, रुग्णांच्या बाजूने उभा राहणारा वकील. ज्याची लॅब आहे, मेडिकल दुकान आहे, विमा किंवा संगणक कंपनीशी देणेघेणे आहे, त्याला कितीही मान असला तरी या खुर्चीसाठी सुचवू नये. पुढाऱ्याचा भाचा तर नकोच.

काम असे करता येईल. विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर महिला मंडळाने नाव उघडपणे मांडावे, ठराव लिहावा. आधी त्या व्यक्तीची लेखी संमती घ्यावी. पत्रात शिक्षण, कामाचा अनुभव, आणि ‘कोणत्याही लॅब वा कंपनीत हितसंबंध नाही’ असे एक वाक्य. वैद्यकीय महाविद्यालयासाठी पत्र अधिष्ठात्यांच्या नावे आणि नैतिकता समितीच्या सदस्य सचिवांना प्रत, ग्रामीण रुग्णालयासाठी वैद्यकीय अधीक्षकांकडे, प्राथमिक केंद्रासाठी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे. आवक खिडकीवर द्यावे, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यावा. महिनाभरात उत्तर नाही आले तर माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा, दहा रुपयांचा. त्यात फक्त एवढेच मागावे: समितीचे सदस्य कोण, त्यांची नेमणूक कधी झाली, गेल्या वर्षात बैठका किती आणि त्यांचे इतिवृत्त. रुग्णांचे काहीही मागू नये.

आणि पत्राला उदाहरण म्हणून वस्तीतल्या एखाद्या आजारी माणसाची हकीकत जोडायचा मोह झाला तर आधी त्याच्या घरी जाऊन त्याला विचारावे. तो नाही म्हणाला तर पत्र त्या हकीकतीशिवाय जाऊ द्यावे.